अक्कलकोट रोडच्या पेंटरमामांना

पेंटरमामा, सप्रेम नमस्कार.

मोबाईलवर एवढं लांबलचक तुम्ही वाचणार नाही, ठाऊक आहे. तुमच्या नातीने वाचून दाखवावं. मधेच गिऱ्हाईक आलं तर उरलेलं संध्याकाळी ऐका.

स्पिटफायर, म्हणजे आपलं ते प्लास्टिकचं छोटं लढाऊ विमान, पूर्ण झालं. वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या टोपीवरची टेप परवा काढली, कुठेही रंग आत गेलेला नाही.

हा किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, आमच्या आप्पांनी मुंबईहून आणलेला, ट्रंकेत वर्षानुवर्षं पडून होता. डबासुद्धा नव्हता, प्लास्टिकची पिशवी आणि तिच्या तोंडाला चित्राचा कागद पिन केलेला. एअरफिक्स या मॉडेल बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीने पहिलं विमान बाजारात आणलं ते स्पिटफायरच, त्यामुळे या छंदातली निम्मी माणसं याच विमानाच्या नादाने बिघडलेली. सोलापुरात तेव्हा असलं काही मिळत नव्हतं. आमची मजल गड्ड्याच्या जत्रेतल्या पत्र्याच्या बोटीपर्यंत. त्यामुळे आप्पांनी ते जोडायला दिलं नाही, ‘नीट येईल तेव्हा कर’ म्हणाले, आणि मग नोकरी, संसार, बदल्या.

जोडणं मला जमतं. रंगाचं मात्र अडलं होतं. एका दुकानात विचारलं तर ‘पोराचं खेळणं आहे ना, डब्याचा स्प्रे मारा’ म्हणून वाटेला लावलं. तुमच्याकडे मी स्कूटरच्या मडगार्डसाठी आलो होतो, विमान पिशवीत होतं. तुम्ही ते हातात घेतलं, उलटं केलं, पंख आणि पोट जिथे मिळतात तिथल्या फटीवर नख फिरवलं आणि म्हणालात, ‘साहेब, हितं पुट्टी लागतीय की ओ.’ तेवढ्यावर मी तुमचा झालो.

जुन्या किटांच्या अंगावर रिव्हेटचे उठावदार ठिपके असतात. फट भरून घासायला गेलं की ठिपके साफ. तुम्ही फटीच्या दोन्ही कडांना टेप लावली, मधे पुट्टी ओढली, ओली असतानाच टेप काढली आणि उरलेली रेघ हजार नंबरच्या वॉटर पेपरच्या चिमूटभर तुकड्याने पाण्यात बुडवून घासली. एकही ठिपका गेला नाही. गाडीच्या दारावर जिथे तळहात चालतो, तिथे तुम्ही करंगळीचं टोक चालवत होता.

आणि थिनर! हे प्लास्टिक पॉलिस्टायरिनचं, गॅरेजच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा थिनर त्याला विरघळवतो. मी सांगायच्या आत तुम्ही म्हणालात, ‘आधी काडीवर बघू.’ सुटे भाग ज्या सांगाड्याला चिकटून येतात, त्याची काडी तोडून तिच्यावर ओला हात मारला. काडी खरबरीत झाली, बोटाला चिकटली. मग हवा कमी केली, टच-अपची छोटी स्प्रे गन घेतली आणि धुक्यासारखे हलके हात दिले, प्रत्येक हात सुकेपर्यंत थांबत. काडी गुळगुळीत राहिली, तेव्हाच विमानाला हात लावलात.

मे महिन्यात सोलापुरात रंग मारायचा म्हणजे काय, हे थंड गावच्या माणसाला कळायचं नाही. दुपारी रंग गनमधून निघून विमानापर्यंत पोचेस्तोवर हवेतच सुकतो आणि अंगावर दाणे बसतात. म्हणून पहाटे सहाला बोलावलंत. धूळ उडू नये म्हणून शेडमध्ये पाणी मारून ठेवलेलं. हिरव्या आणि मातकट रंगाची नागमोडी सीमा थोडी धूसर हवी होती, तर मामींकडून कणकेचा गोळा मागवलात, सुतळीएवढ्या वळ्या करून कागदाच्या साच्याखाली लावल्या. कागद जरासा उचललेला राहिला आणि कड मऊ आली. (ज्वारीच्या पिठाने हे काम भागलं नसतं.) रंगात दोन थेंब पांढरा टाकायचंही तुम्हीच सुचवलंत, लहान वस्तूवर गडद रंग काळाच दिसतो म्हणून. बहात्तर पट लहान विमान, खऱ्याची सहा फूट म्हणजे याचा एक इंच. पंख पसरून वीतभरही भरत नाही. त्यावर गाडीचा हिरवा खरंच काळा दिसला असता.

डेकलांची, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या खुणांची, मला धास्ती होती. कागद पिवळा पडलेला, पाण्यात टाकला की जुनं डेकल चुरा होतं. पिवळेपणा घालवायला मी तो खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवला होता, आपल्या उन्हाने ते काम फुकटात केलं. पुढचं तुमचं. गाडीच्या पेट्रोल टाकीवरच्या स्टिकरची सवय तुम्हाला. आधी अख्ख्या कागदावर लॅकरचा पातळ हात मारलात, त्यामुळे डेकलं एकसंध राहिली, फक्त प्रत्येक गोल खूण कडेकडेने कापावी लागली. विमानाच्या अंगालाही चकाकी आणलीत, कारण खरबरीत रंगावर डेकल बसवलं की खाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात. वर पुन्हा मॅट, बिनचकाकीचा हात. मॉडेलवाले ज्या क्रमाने सांगतात तोच क्रम, आणि तो तुम्ही टाक्या रंगवताना शिकलात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, ‘ह्याचं बिल कसं काढायचं?’ म्हणून हसलात. सोबतच्या डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी आहे, ती मात्र परत पाठवू नका. उरलेला मातकट रंग बाटलीत झाकण घट्ट लावून पाठवतोय, तुमच्या फळीवर ठेवा. पुढचा किट हरिकेन या दुसऱ्या लढाऊ विमानाचा आहे, त्याला हाच रंग लागेल. पावसाळ्याच्या दमट हवेत एनसी पांढरा पडतो असं तुम्ही म्हणालात, तेव्हा घाई नाही. खंडेनवमीला गनला झेंडू घालून झाला की सांगा, मी दसऱ्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला सहाला हजर.

तुमचा,
विमानवाला साहेब