आजीची ट्रंक इतक्यात उघडू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर बिल्डिंग रिकामी करायची नोटीस आली आणि बाबांनी माळ्यापासून सुरुवातही केली, असं आई म्हणाली. चांगलं आहे. तांब्याचा बंब द्या, मोडकी आरामखुर्ची द्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे रद्दीत घाला. फक्त आजीची ट्रंक मी येईपर्यंत उघडू नका. का, ते फोनवर सांगायला गेले की आई दोन मिनिटांत फोन बाबांकडे देते आणि बाबा विचारतात, ऑफिस कसं चाललंय. म्हणून लिहितेय.

हल्ली रात्री जेवणं आटोपली की मी कार्टूनं बघते. बाबा, हसू नका. ही मुलांची नाहीत. दहा-पंधरा मिनिटांच्या, बायकांनी केलेल्या ॲनिमेशन फिल्म्स आहेत आणि त्यातल्या बऱ्याच घरातलं माणूस जाण्याबद्दल आहेत. नौपाड्याचं घर सुटणार म्हटल्यावर त्या जरा जास्तच लागल्या असतील.

सगळ्यात आवडली ती 'द स्ट्रीट'. कॅरोलिन लीफने 1976 मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात केलेली, मॉर्डेकाय रिचलरच्या कथेवरून. माँट्रियलमधलं ज्यू कुटुंब, लहानसं घर, आजी अंथरुणाला खिळलेली. ती गेली की तिची खोली धाकट्या मुलाला मिळणार, म्हणून तो वाट बघतोय आणि आजी काही जात नाही. तिचं सगळं करता करता आई मात्र झिजत चाललीय. आपल्या दादाने भर पंगतीत विचारलं होतं, "आजी देवाघरी गेली की खिडकीजवळची खाट माझी ना?" आईने डोळे वटारले होते आणि आजी म्हणाली होती, "तुझीच रे, पण ढेकणांसकट घ्यावी लागेल." त्या फिल्ममध्ये असंच आहे. रडारड जवळजवळ नाहीच.

ती कशी केलीय तेही सांगते, बाबांना आवडेल. काच, काचेखाली दिवा, वर कॅमेरा. काचेवर ओल्या रंगात बोटांनी चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, तोच रंग पुसून-सारून पुढचं चित्र करायचं, पुन्हा फोटो. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी बारा चित्रं. कागदावर काम केलं असतं तर निदान कागदांचा गठ्ठा राहिला असता. इथे प्रत्येक चित्र पुढच्यासाठी पुसलं गेलंय. आजीचा चेहरा बघता बघता भिंत होतो, भिंतीची गल्ली होते. हे कळल्यावर मी ती पुन्हा बघितली आणि पहिल्यांदापेक्षा जास्त गलबलले.

बायकांचंच काम का बघतेस, असं दादा विचारत होता. 1930 च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत बायकांना बहुतेक करून शाई फिरवायला आणि रंग भरायलाच बसवत. गोष्ट ठरवणारे, पात्रं हलवणारे जवळजवळ सगळे पुरुष. एक टेबल, एक काच आणि एकटीने केलेली फिल्म ही त्यातूनच निघालेली वाट असेल, असा माझा आपला तर्क. शिवाय आजारपण कोण काढतं, हे त्यांना ठाऊक असतं.

आई, तुझ्यासाठी 'लेट आफ्टरनून' काढून ठेवलीय. आयर्लंडच्या लुईझ बॅग्नलने 2017 मध्ये केलेली, नऊच मिनिटांची. एमिली नावाची म्हातारी खुर्चीत बसलेली, आठवणी सुटत चाललेल्या. समोर चहा-बिस्किटं येतात आणि ती मधेच लहान होऊन समुद्रावर जाते. तेव्हा सगळ्या चित्रभर रंग पसरतात. चहा आणून देणारी ही बाई कोण, ते तिला अगदी शेवटी उमगतं. आजी तुला अक्का म्हणायची आणि तू "काय गं?" म्हणून ओ द्यायचीस. बाबा चिडायचे, "आई, ही सून आहे तुझी." तुझंच बरोबर होतं. या फिल्मला ऑस्करचं नामांकन होतं. 2019 मध्ये ऑस्कर मिळालं मात्र डोमी शीच्या 'बाओ'ला. पिक्सारची शॉर्ट फिल्म दिग्दर्शित करणारी ती पहिली बाई. पण 'बाओ' तू एकटी असताना लावू नकोस. त्यातली आई घर सोडून निघालेल्या लेकराला अडवायला जे करते, ते मी इथे लिहीत नाही.

दार्या काश्चेयेवाची 'डॉटर' मी मुद्दामच मागे ठेवलीय. बाप हॉस्पिटलच्या खाटेवर, मुलगी शेजारी, बाहुल्यांवर रंगवलेले डोळे आणि एकही शब्द नाही. बाबांची अँजिओप्लास्टी जरा जुनी होऊ दे.

आता ट्रंकेचं. नीना सबनानींची 'मुकंद अँड रियाझ' नावाची फिल्म आहे, 2005 ची. त्यांच्या वडिलांची आठवण: कराचीतले दोन मित्र आणि 1947. ती कापडाचे तुकडे जोडून केल्यासारखी आहे, सिंधकडच्या बायका करतात तशा कामातून. बाबा, तुम्ही उल्हासनगरच्या शाखेत होतात तेव्हा सिंधमधून आलेले म्हातारे काउंटरवर तासन्‌तास बोलत बसायचे, असं सांगायचात. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरवलेली ती माणसं. त्यांचं ऐकून घरी येऊन तुम्ही आम्हाला सांगितलंत. स्वतःच्या भावाबद्दल मात्र कधी नाही.

ट्रंकेत तळाशी आजीची गोधडी आहे. तिच्यात आजोबांची धोतरं आहेत, आईची हिरवी नऊवारी आहे आणि मधोमध निळ्या चौकड्यांचा तुकडा आहे. मी एकदा विचारलं तर "अण्णाचा शर्ट" एवढंच बोलून आजी भाजी निवडायला लागली. अण्णाकाकांचा घरात एकच फोटो, तोही कपाटाच्या आतल्या बाजूला. ते कसे गेले मला माहीत नाही. ते हसायचे कसे, सायकल चालवायचे का, तुमच्याशी भांडायचे का, हेही माहीत नाही. मला फिल्मबिल्म करायची नाही, मला चित्र कुठे येतं! पण ती गोधडी कुणाला देऊन टाकायच्या आधी तुम्ही मला सांगावं, असं वाटतं. थोडं सांगितलंत तरी चालेल. नाहीच सांगवलं, तर गोधडी मी ऐरोलीला घेऊन जाईन.

रविवारी सकाळी ठाणे गाडी पकडून येते. आधी ट्रंक, मग जेवण, मग टीव्ही. आई, गोडाचं काही करत बसू नकोस, येताना घेऊन येईन. दादालाही बोलावून घे. 'द स्ट्रीट' मला त्याच्या शेजारी बसून बघायचीय.

तुमची,
मनू