संध्याकाळच्या थाळीचं काय, मंत्री महोदय?

मा. मंत्री महोदय,
अन्न व नागरी पुरवठा विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. शनिवारची शाळा सकाळची. त्या दुपारी आम्ही सात-आठ जण एका सरांच्या अंगणात चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवतो आणि सहाच्या सुमारास तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना जेवू घालतो. वरण, भात, पोळ्या, वांगे-आलूची भाजी. तूर सरांच्याच वावरातली, बाकी वर्गणी. पोळ्या लाटायला आम्ही पुरुषही बसतो. नकाशे होतात, पण खपतात.

पहिल्या शनिवारी फजिती झाली. शाळेच्या खिचडीचा हिशेब आम्हाला तोंडपाठ: सहावी ते आठवीच्या पोराला 150 ग्रॅम तांदूळ. त्याच मापानं भात टाकला आणि अर्धी रांग उभी असताना गंज खरवडावा लागला. पहाटेच्या एसटीनं उपाशी निघालेल्या माणसाची भूक आठवीतल्या पोराएवढी नसते, हे मास्तरांना तेव्हा कळलं.

त्याच रांगेत एक म्हातारी होती. ताट घेतलं, पण जेवेना. "मले नको, सुनेले नेतो." सून आत बाळंतीण. तिला तर सरकारी जेवण मिळतं! 2011 पासूनची योजना आहे, साध्या बाळंतपणाला 3 दिवस, सिझेरियनला 7 दिवस मोफत आहार. चौकशी केली तेव्हा समजलं, दोन दिवस सून आपल्या ताटातलं अर्धं सासूला देत होती. म्हणजे बाळंतिणीसाठी आलेला आहार दोघींत वाटला जात होता, आणि कागदावर मात्र तो पूर्ण दिला गेला होता.

आपल्या खात्याची शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 पासून आहे. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात; योजना चांगलीच आहे, आमच्या गावातल्या केंद्रावर मीही जेवलोय. पण ते केंद्र बसस्टँडजवळ, आणि दुपारी दोन-अडीचला तिथली भांडी घासून होतात. डॉक्टरांचा राउंड, तपासण्या, औषधाची चिठ्ठी यातून मोकळा झालेला माणूस तिथं पोचतो तेव्हा कुलूप असतं. संध्याकाळी तर प्रश्नच नाही. मग बिस्किटाचा पुडा आणि चहा. पूर्वी लोक दवाखान्यामागं तीन विटा मांडून भात शिजवायचे, आता तेही करू देत नाहीत.

मागणी एवढीच: जिथं पेशंट मुक्कामी असतात, त्या दवाखान्याच्या आवारात संध्याकाळची थाळी सुरू करा. एका पेशंटमागं एक नातेवाईक, वॉर्डातल्या सिस्टरची चिठ्ठी. ग्रामीण थाळी 35 रुपयांची धरली होती, त्यात सरकारचे 25. आमच्याकडं चाळीसेक माणसं असतात, म्हणजे दिवसाचे हजार रुपये. आणि केंद्र चालवणाऱ्या बचत गटाचं बिल वेळेवर निघू द्या, नाहीतर किराणेवाला उधारी बंद करतो आणि थाळी बोर्डावरच राहते.

शनिवारी आम्ही असतोच. उरलेल्या सहा संध्याकाळचं आपण बघावं.

आपला,
एक शिक्षक