प्रशिक्षणाच्या पत्रात बदली डॉक्टरचेही नाव असू द्या

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

ग्रामीण दवाखान्यात मी एकटाच डॉक्टर आहे. प्रशिक्षणाचे पत्र आले की विषयाआधी मी तारखा पाहतो, आणि त्या दिवसांत कोणाकोणाची प्रसूती जवळ आली आहे हे आठवू लागतो. मी गेलो तर दाराला कुलूप. म्हणून बहुतेक वेळा जात नाही, आणि माझ्या नावापुढे ‘गैरहजर’ लागते. शिकायची इच्छा नाही, असा त्याचा अर्थ काढू नये.

जन्मल्यावर बाळाने श्वास घेतला नाही, तर मिनिटभरात बॅग-मास्कने, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून हाताने पिशवी दाबत, तो द्यावा लागतो. असे बाळ माझ्याकडे महिनोन्‌महिने येत नाही. येते तेव्हा पुस्तक उघडायला सवड नसते. सराव नसला की हे कौशल्य काही महिन्यांतच हातातून जाते. वर्षातून एकदा सभागृहात बसून स्लाइड पाहिल्याने ते टिकत नाही. त्यापेक्षा दवाखान्यातच सरावाची बाहुली द्या. नर्स आणि मी दर आठवड्याला दहा मिनिटे सराव करू. दोघांनी मिळूनच, कारण रात्री तीन वाजता तिथे आम्ही दोघेच असतो.

दुसरी गरज विचारायला कोणीतरी असण्याची. ऑनलाइन व्याख्याने ऐकून नोंदणीच्या नूतनीकरणाचे गुण जमतात. पण आज ज्या रुग्णापाशी मी अडलो, त्याच्याबद्दल कोणाला विचारू? २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी ग्रामीण डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवरून तज्ज्ञांशी जोडले. विषय हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार, आणि चर्चा डॉक्टरांच्या स्वतःच्या रुग्णांवर. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथल्या विद्यापीठाच्या, म्हणजे तज्ज्ञांच्या, दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातला विषाणू गेला. या पद्धतीने जोडलेल्या ग्रामीण आणि तुरुंगातल्या दवाखान्यांत ५८.२ टक्के. रुग्णांना लांबचा प्रवास करावा लागला नाही, आणि त्या डॉक्टरांचे ज्ञान त्यांच्या गावातच राहिले.

राहतो तिथेच शिकता यावे, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच केली आहे. तरीही काही गोष्टी प्रत्यक्ष हाताखाली काम करूनच शिकाव्या लागतात, त्यासाठी मला बाहेर पडावेच लागेल. पुढचे पत्र काढाल तेव्हा माझ्या जागी कोण डॉक्टर येणार आणि कोणत्या दिवशी, हेही त्यात लिहा. मी नक्की येईन.

आपला,
एक ग्रामीण डॉक्टर