वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीतल्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं, तर पुढच्या वेळी पुस्तकावर शिक्का मारताना तुम्ही मान वर करणार नाही, हे ठाऊक आहे. पण नाशकात सुई-दोरा, कात्री आणि खळ घेऊन, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून आणि पुस्तकं सांधून घर जरा उबदार करू पाहणाऱ्या आम्हां सभासदांच्या वतीने हे आभार उघडपणेच मानायला हवेत.

या शहरात सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. पुस्तक मागून आणायची सवय इथे जुनी आहे. पुस्तक मागणाऱ्याच्या हाती नेमकं काय द्यावं, ही समज मात्र दुर्मीळ. घर सजवण्याचं काहीतरी द्या, असं म्हणत कुणी आलं की तुम्ही गुळगुळीत कागदावरच्या रंगीत खोल्या पुढे करत नाही. आधी मापांचे तक्ते असलेलं शिवणकामाचं जुनं पुस्तक देता, आणि रंगीत पुस्तक दुसऱ्या फेरीला. चित्र बघून हुरूप येतो, पण कापड कुठे कापायचं ते चित्र सांगत नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि अजून स्वयंपाकघरांत आहे, त्यात वाटी-चमच्याच्या मापांचा वाटा मोठा, हा तुमचा लाडका दाखला. गोधडीलाही तो लागू पडतो.

तारखेच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने तुम्ही लिहून देता ते '५४ × ४' आता आमच्यात पाठ झालं आहे. ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी उलगडून सांगतो. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. तिचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येकी ५४ इंच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंच. एका साडीत चार थर, आणि मांडीवर घेऊन वाचत बसायला पुरेशी गोधडी. जरीचा पदर साधारण दोन फूट जातो, तो काढला तर ५४ चे ४८ होतात, तरी चालतं. निफाडकडची थंडी शहरात उतरते तेव्हा सहा थर हवेत, म्हणजे दीड साडी. आठ थरांच्या फंदात पडू नये. हाताने सुई आरपार जात नाही, टाका वर सरळ आणि खाली वाकडा पडतो. अंथरुणातल्या मोठ्या गोधडीला पन्हा पुरत नाही, जोड द्यावा लागतो. तो प्रत्येक थरात वेगळ्या जागी द्यावा. सगळे जोड एकावर एक आले की तिथे दांडा तयार होतो आणि सुई मोडते.

साडी सुतीच हवी. मालेगावच्या मागावरची, चार-पाच वर्षं धुऊन मऊ झालेली सर्वांत चांगली. सिंथेटिक थर मध्ये घातला तर सुती आटतो, तो आटत नाही, आणि दोन धुण्यांत गोधडीला फुगे येतात. येवल्याची पैठणी कितीही जुनी झाली तरी तिला यात ओढू नका. जर टोचते आणि रेशमाला सुतासारखी धुलाई सोसत नाही. फॉल उसवून टाकायचा. कापड उजेडासमोर धरून बघायचं: जिथे विरलेलं दिसेल तो तुकडा आतल्या थरात. खळ राहिली असेल तर कोमट पाण्यात भिजवून पूर्ण घालवायची, कारण तिच्यावर कसर आणि झुरळं येतात. रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या रुमालाने काठ घासून पाहावं. नवं कापड अस्तराला घेतलं असेल तर ते आधी धुऊन आटवून घ्यावं, नाहीतर कडेला चुण्या पडतात.

टाक्यांबद्दल तुम्ही दिलेल्या पुस्तकात एक ओळ आहे, तिच्याखाली कुणीतरी आधीच पेन्सिलीने रेघ मारलेली: कच्चा टाका मधून बाहेर. बहुतेकांची चूक इथेच होते. थर फरशीवर पसरायचे, चारी कोपऱ्यांवर जाड पुस्तकं ठेवायची (तुम्ही हे वाचलं नाही असं समजा), आणि मध्यापासून कडेकडे दर चार बोटांवर ढोबळ टाके घालून थर धरून ठेवायचे. मग पक्का धावदोरा कडेने सुरू करून चौकोनात आत आत नेला तरी चालतो. कच्चे टाके नसतील तर सगळं सैल कापड पुढे ढकललं जातं आणि शेवटी मध्यभागी ढेकूळ होऊन बसतं. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की गुंतून गाठ बसते. मेणबत्तीवरून एकदा ओढला की कमी पिळतो. टाका अर्धा सेंटिमीटर, दोन ओळींत बोटभर अंतर. अंगुस्तान (बोटावरची टोपी) न घालता सहा थर शिवणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी तक्रार करू नये.

आता दुसरी खळ. साडीतली घालवायची, पुस्तकाला लावायची, शब्द तोच. सुटलेल्या पानांचं पुस्तक परत आलं की तुम्ही चिकटपट्टी हातातून काढून घेता, ते अगदी बरोबर. तिचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात झिरपतो आणि पट्टी ओढली की छपाई सोबत येते. दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवायचा, मग एक वाटी पाण्यात मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळायचं, पांढरेपणा जाऊन चकाकी येईपर्यंत. एकदम गरम पाण्यात मैदा टाकला तर गुठळ्या होतात. खळ टिकावी म्हणून पुस्तकं बांधणारे बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, घरच्या पातेल्यात नको. त्याऐवजी थोडीच करावी आणि फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी. फाटलेल्या जागी पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी, खळीचा हलका हात, दोन्ही बाजूंना बटर पेपर, वर वजन, रात्रभर. पावसाळ्यात हे काम काढू नये, वाळण्याआधी बुरशी धरते.

एका गोष्टीत आमचं तुमच्याशी पटत नाही, तेही लिहितो. कडुनिंबाचा पाला पानांत घालू नका. ओलसर राहिला तर डाग पडतो. कडकडीत वाळवून कापडी पुरचुंडीत बांधावा आणि पुस्तकांच्या मागे ठेवावा. खरी काळजी भिंतीच्या ओलीची: बाहेरच्या भिंतीपासून कपाट दोन बोटं पुढे ओढलं की जून ते सप्टेंबर निम्मी चिंता मिटते.

उरलेल्या काठांची पुस्तकांसाठी कव्हरं करा, ही कल्पनाही तुमचीच. डेमी आकाराचं, १४ × २१.६ सेंटिमीटरचं, दोन सेंटिमीटर जाडीचं पुस्तक असेल तर कापड ४६ × २४ लागतं: दोन बाजू, कणा, सात-सात सेंटिमीटरचे दोन कप्पे आणि चारी बाजूंना एकेक सेंटिमीटर शिलाई. माप पुस्तक मिटून, कण्यावरून टेप फिरवून घ्यायचं. उघडं ठेवून घेतलं तर कव्हर चढतं खरं, पण पुस्तक मिटत नाही.

तुमच्या खिडकीतल्या खुर्चीसाठी एक चार थरांची गोधडी शनिवारी आणून ठेवतो आहोत. नाही म्हणू नका. धुताना पिळू नका आणि एकाच दोरीवर मधोमध टाकू नका. भिजल्या वजनाने टाके ताणतात. दोन दोऱ्यांवर पसरून, सावलीत.

तुमचे,
खिडकीपाशी रांग लावणारे सभासद
नाशिक