गेटवरची एक फुंकर म्हणजे तपासणी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांत कामगाराच्या नशेची तपासणी ज्या शिस्तीने होते, ती आपल्या कारखान्यांनीही घ्यावी, म्हणून हे पत्र. खानदेशात अणुवीज केंद्र नाही. सर्वांत जवळचे काकरापारचे, आपल्याच तापीच्या खालच्या अंगाला, गुजरातेत. पण औष्णिक वीज, दारूगोळा, रेल्वे आणि रसायने ही कामे आपल्याकडेही आहेत आणि तिथेही नशेतला माणूस पाळीवर असणे परवडणारे नाही. भुसावळच्या रेल्वे लॉबीत (चालक हजेरी लावतात त्या जागी) लोको पायलटला ड्युटीवर चढण्याआधी श्वासचाचणी द्यावी लागते, ती याचसाठी. आता लहानमोठ्या कारखान्यांच्या गेटवरही ब्रेथ अ‍ॅनालायझर दिसू लागले, हे चांगलेच झाले. वाईट एवढेच की काही ठिकाणी एक फुंकर, लाल दिवा आणि कंत्राटी कामगाराचा गेट पास जप्त, इतक्यात सगळे आटोपते. अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगाने 1989 साली अणुवीज केंद्रांसाठी नशेच्या तपासणीची नियमावली केली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. आपल्या उद्योगांनी तिच्यातून बरेच घेण्यासारखे आहे.

दारूची मर्यादा तिथे रक्तात 0.04 टक्के, म्हणजे 100 मिलिलिटरला 40 मिलिग्रॅम. कामावर एक तास झाला असेल तर 0.03, दोन तास झाले असतील तर 0.02. रक्तातली दारू तासाला साधारण 100 मिलिलिटरमागे 15 मिलिग्रॅमने उतरते, म्हणून वेळेनुसार मर्यादाही खाली येते. पाळीच्या आधी किमान पाच तास दारू न घेण्याची अट वेगळी आहेच. आता आपल्याकडची लग्नसराई घ्या. वरातीनंतर रात्री बाराला रक्तात 100 मिलिलिटरला 150 मिलिग्रॅम असेल, तर सकाळी सातच्या पहिल्या पाळीला 45 उरते. झोप झाली, आंघोळ झाली, चहा झाला, माणसाला वाटते आपण ठीक आहोत. नुसते पाच तास पाळूनही तो मर्यादेच्या वरच असतो. ही आकडेमोड गेटवर मोठ्या अक्षरांत लावायला हवी.

उलट, न प्यालेला माणूसही यंत्रात सापडू शकतो. माउथवॉश, खोकल्याचे काही औषध किंवा होमिओपॅथीचे थेंब नुकतेच घेतले असतील, तर तोंडातला अल्कोहोल आकडा फुगवतो. म्हणून तोंडात काही घातले असेल तर 15 मिनिटे थांबवून मग फुंकायला लावतात. आकडा 0.02 किंवा वर आला, तर 30 मिनिटांच्या आत प्रमाणित यंत्रावर दुसरी चाचणी होते आणि निकाल तिच्यावरच ठरतो. स्वस्त सेमीकंडक्टर सेन्सर अ‍ॅसिटोनसारख्या वाफांनाही दाद देतो. मधुमेह ताब्यात नसलेल्याच्या किंवा कडक उपास केलेल्याच्या श्वासात अ‍ॅसिटोन असते. फ्युएल सेलचे यंत्र, म्हणजे दारूच्या वाफेतून तयार होणारी वीज मोजणारे, महाग पडते, पण तेच घ्यावे. ज्ञात प्रमाणाच्या गॅसवर त्याचे कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करून वहीत तारखेसह नोंदवावे. तपासनिसाने हाताला सॅनिटायझर लावून लगेच यंत्र पुढे धरू नये.

अमली पदार्थांची चाचणी लघवीवर होते आणि तिथे घोटाळ्याला जागा जास्त. नमुना किमान 30 मिलिलिटर लागतो. भांडे हातात येताच चार मिनिटांच्या आत तापमान पाहतात. ते 32 ते 38 अंश सेल्सिअसच्या बाहेर असेल तर नमुना बाहेरून आणल्याचा संशय. संडासाच्या टाकीत निळा रंग टाकलेला असतो, म्हणजे पाणी मिसळता येत नाही. क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा शरीराचा टाकाऊ घटक) डेसिलिटरला, म्हणजे 100 मिलिलिटरला, 20 मिलिग्रॅमखाली गेले की नमुना पातळ झाला असे धरून पुढची तपासणी होते. देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत सील, त्यावर त्याची आद्याक्षरे, आणि पुढे नमुना ज्याच्या ज्याच्या हातात गेला त्याची सही. यातली एक सही जरी राहिली, तरी त्या निकालावर कोणाची रोजी काढून घेणे हा अन्याय आहे.

पट्टीवरची चाचणी ही फक्त चाळणी असते, खात्री मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीवर, करावी लागते. त्यानंतरही तिथे डॉक्टरने कामगाराशी बोलल्याशिवाय अहवाल व्यवस्थापनाकडे जात नाही. हा टप्पा आपल्याकडे तर फार गरजेचा. महाशिवरात्रीला, होळीला भांग घेणारे आहेत. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाच्या व्याख्येतून पाने वगळली आहेत, पण लघवीत तेच टीएचसी, म्हणजे गांजातले नशा आणणारे द्रव्य, दिसते. एखाद्या वेळी घेणाऱ्याच्या लघवीत ते काही दिवस सापडते, रोज घेणाऱ्याच्या कित्येक आठवडे. म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल आला म्हणून माणूस त्या क्षणी नशेत होता असे ठरत नाही. दिवाळीच्या अनारशांवरची खसखसही लघवीत मॉर्फिन दाखवू शकते. याच कारणाने अमेरिकेच्या सरकारी चाचण्यांत 1998 मध्ये अफूजन्य पदार्थांची मर्यादा मिलिलिटरला 300 वरून 2000 नॅनोग्रॅम केली. कोडीन या अफूजन्य औषधाचे खोकल्याचे सिरप डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेले असू शकते. हे सगळे विचारणार कोण? सुरक्षारक्षक नक्कीच नाही.

निवड चिठ्ठीसारखी हवी. तिथे वर्षभरात एकूण मनुष्यबळाच्या निम्म्या संख्येइतक्या अचानक चाचण्या होतात, रात्रपाळीला आणि सुटीच्या दिवशीही. कालच तपासलेल्याचे नाव आज पुन्हा निघू शकते. यादीत अधिकारी असतात, ठेकेदाराची माणसे असतात आणि चाचणी घेणारेही असतात. फक्त हेल्परला फुंकायला लावून साहेबांची गाडी सरळ आत सोडली, तर कामगार या व्यवस्थेवर विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे.

याच नियमावलीत थकव्याचेही कलम आहे: 24 तासांत 16, 48 तासांत 26 आणि सात दिवसांत 72 तासांहून जास्त काम नाही. आपल्याकडे शटडाऊन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद) लागला की फिटर, वेल्डर सलग डबल ड्युटी ओढतात आणि त्याचे कौतुकही होते. जागरणाने पेंगणारा हात व्हॉल्व्हवर चुकणारच, मग श्वासात दारू असो वा नसो.

शिक्षेचेही बघा. तिथे पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान 14 दिवस प्रवेशबंदी, मग उपचार, तपासणी आणि देखरेखीखाली परत कामावर. दुसऱ्यांदा पाच वर्षे. नमुन्यात फेरफार केला तर कायमची बंदी. आपल्याकडे कंत्राटी कामगाराला पहिल्याच फुंकरीला कायमचे घरी बसवतात, तेही लेखी काही न देता. किमान एवढे तरी व्हावे: दुसरी चाचणी, छापील निकालाची प्रत त्याच्या हातात, आणि दाद मागायला सात दिवस. कामगार संघटनांनी हे मुद्दे पुढच्या करारात लेखी मागावेत, आणि कारखाने निरीक्षकांनी तपासणीला आल्यावर कॅलिब्रेशनची वही उघडून पाहावी.

आपला,
औद्योगिक आरोग्य तपासणी क्षेत्रातील एक तंत्रज्ञ, भुसावळ