पाट आणि ताट

सिडको, नाशिक
श्रावण, शनिवार रात्र

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र आलं म्हणून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला गेलं की बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं आई तू तिकडून ओरडून सांगतेस. त्यात मला जे म्हणायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. बाबा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तू वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे.

दिवाळीत तुम्ही विचारलं होतंत, "तू तिकडे गाणं शिकतेस की मशीन?" मी "दोन्ही" म्हणाले आणि फराळाचं ताट घेऊन आत गेले. तेव्हा मला नीट सांगता येत नव्हतं. आता दीड वर्ष झालं, आता सांगते.

गाणं रेकॉर्ड करताना प्रत्येक गळा, प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर साठवतात. नंतर ते सगळे ट्रॅक एकत्र बसवायचे असतात. कोण पुढे, कोण मागे, कोण डावीकडे, पेटीने कुठल्या ओळीला अंग चोरायचं, तबल्याने कुठे मोकळं व्हायचं, हे ठरवणं म्हणजे मिक्सिंग. ऐकणाऱ्याला यातलं काही जाणवू नये, त्याला फक्त गाणं ऐकू यावं.

मला दोन गुरू आहेत. एक सर. त्यांची उमेदीची वर्षं मुंबईच्या स्टुडिओत गेली, टेप होत्या तेव्हापासून. आता गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांचा छोटा स्टुडिओ आहे. दुसरे पंचवटीतले साउंडवाले काका. कीर्तन, लग्न, जयंती, ऑर्केस्ट्रा, सगळीकडे त्यांचे स्पीकर लागतात. दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, पण मला दोघांचंही पटतं.

सरांनी पहिला महिनाभर मला फेडरशिवाय, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या दांड्यांशिवाय, कशालाही हात लावू दिला नाही. बाकी सगळं बंद. तेही एकाच स्पीकरवर, मोनोत. "एका स्पीकरमधून सगळे शब्द कळले तर दोनमधून कळतीलच," असं ते म्हणायचे. मला वाटायचं, एवढी यंत्रं समोर आहेत आणि मी नुसत्या दांड्या वरखाली करतेय. पण चौथ्या आठवड्यात कळलं की गाण्याचं बहुतेक काम तिथेच होतं. पेटी थोडी खाली केली तर गायकाला वर करावंच लागत नाही.

आवाजाची पातळी दाखवणारा मीटर कसा वाचायचा ते काकांनी शिकवलं, आणि ते तुम्हाला लगेच समजेल. गोदेला पूर आला की आपण दुतोंड्या मारुती बघतो ना, पाणी पायाशी आहे, कमरेला आहे की छातीला? तसंच. कॉम्प्युटरमध्ये शून्य म्हणजे मारुतीचं डोकं. त्याच्यावर आवाज गेला की तो कापला जातो, फाटतो, आणि तो फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. म्हणून सरासरी आवाज शून्याच्या १८ डेसिबल खाली, कमरेच्या आसपास, राहू द्यायचा. परवा गंगापूर धरणातून पाणी सोडलं तेव्हा रामकुंडावर गर्दीत उभी होते आणि मला सारखा मीटरच दिसत होता.

आता एक चूक सांगते, कारण खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

माघातल्या सप्त्यात आपल्या मंडळाचं भजन मी रेकॉर्ड केलं होतं, आठवतंय ना? पखवाजाला दोन माईक, बुवांना एक, टाळकऱ्यांना दोन, पेटीला एक. ते घेऊन मी माझ्या खोलीत दोन रात्री बसले. हेडफोन, नंतर छोटे स्पीकर, आणि आवाज चांगला मोठा. दुसऱ्या पहाटे मला वाटलं, झालं, याहून सुंदर होऊच शकत नाही. सकाळी सरांकडे वाजवलं तर पखवाज म्हणजे पत्र्याचा डबा आणि बुवा विहिरीत. रडूच यायचं बाकी होतं.

सर रागावले नाहीत. आधी त्यांनी खोलीचं माप विचारलं. दहा बाय दहा. टेबल कुठे? कोपऱ्यात. मग त्यांनी कागदावर गणित मांडलं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांच्या, आसपासचा खर्ज अडकून घुमत राहतो, कोपऱ्यात फुगतो आणि खोलीच्या मध्यावर नाहीसा होतो. मी कोपऱ्यात बसून तो फुगलेला खर्ज ऐकला आणि कापून टाकला. त्यात खोली चौरस, म्हणजे लांबीलाही तोच सूर आणि रुंदीलाही तोच. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून हे जात नाही. त्याला कोपऱ्यात जाड रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, लागतं.

दुसरी गोष्ट पखवाजाची. त्यांनी एका माईकच्या ट्रॅकवर एक बटण दाबलं, शून्यावर तिरकी रेघ असलेलं, आणि कणीक लावलेल्या बाजूचा तो भरीव घुमारा एकदम परत आला. दोन माईक समोरासमोर लावलेले. एकाच थापेला एकाकडे हवा ढकलली गेली तेव्हा दुसऱ्याकडून ओढली गेली. दोन्ही एकत्र केल्यावर बेरजेच्या जागी वजाबाकी झाली होती. दोन रात्री मी जे शोधत होते ते एका बटणात होतं. पण कुठलं बटण, हे कळायला तीस वर्षं कान तयार व्हावा लागतो.

तिसरी गोष्ट मोठ्या आवाजाची. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असला की माणसाला खर्ज आणि अगदी बारीक सूर कमी ऐकू येतात, मोठा केला की तेच भरून येतात. म्हणून मोठ्या आवाजात काहीही छान वाटतं. सर इतक्या हळू वाजवतात की शेजारी बसून गप्पा मारता येतील. तासाभराने उठून अंगणात जातात. कान दमतो, आणि दमलेला कान खोटं सांगतो.

तिथेच ते बोलता बोलता म्हणाले, ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. मी वहीत लिहून घेतलं आणि माझा हात थांबला. बाबा, सातपूरला पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या प्रेसशॉपमध्ये तुम्ही ३१ वर्षं काढलीत. तुम्ही घरी यायचात तेव्हा पहिला तासभर आमच्याशी मोठ्याने बोलायचात, आणि आम्हाला वाटायचं बाबा चिडलेत. तिथे कोणी कधी कानात घालायला काही दिलं नाही. कानातल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि यंत्रांच्या आवाजाने पहिला खड्डा पडतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. वयाने वरचे सूर आधी जातात ते वेगळंच.

आणि हेच तुमचे कान. शेजारच्या प्रेसचं बेअरिंग जायला लागलंय हे तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून सांगायचात. सर एकेक ट्रॅक सुटा करून, डोळे मिटून ऐकतात ना, तेव्हा त्यांचा चेहरा अगदी तसाच होतो.

त्या रात्री मी एक प्रयोग केला. आईने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आवाज कॉम्प्युटरवर घेतला आणि २००० हर्ट्झच्या वरचं सगळं दाबून टाकलं. आवाज होता. आईचाच होता, मोठाही होता. पण बरेच शब्द नीट कळत नव्हते. आ, ओ, ऊ हे स्वर खाली असतात, ते पोचतात. स, श, त, प, क, ट यांची धार बरीचशी वर असते, ती गेली. 'साप', 'सात', 'साठ' तिन्ही जवळजवळ एकच. मी दहा वेळा ऐकलं.

मग दिवाळीतलं आठवलं. आई म्हणाली "पाट आणा" आणि बाबा ताट घेऊन आले. आई म्हणाली, लक्ष कुठे असतं तुमचं? बाबा काही न बोलता ओसरीवर जाऊन बसले. आई, त्यांचं लक्ष होतं. त्यांना 'आट' एवढंच ऐकू आलं होतं, आणि जेवणाची वेळ म्हणून त्यांनी ताट आणलं.

अजून एक. तू मोठ्याने बोललीस की ते म्हणतात, "ओरडतेस काय?" तुला वाटतं, हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललं तर राग, करायचं तरी काय? दोन्ही खरं आहे. असा कान झाला की हळू आवाज पोचतच नाही, आणि जरा वाढला की एकदम टोचतो. मधली जागाच आटून जाते. आमच्याकडे याला उपाय म्हणून एक यंत्र असतं, कॉम्प्रेसर. गायक एक ओळ कुजबुजतो, दुसरी खणखणीत घेतो. कॉम्प्रेसर मोठ्याला दाबतो, मग सगळंच थोडं वर उचलता येतं, आणि कुजबुजही कळते, किंकाळीही लागत नाही. कानाला लावायचं चांगलं यंत्र आतून हेच करतं, आणि ज्याला जे सूर कमी ऐकू येतात तिथेच जास्त करतं. बाबा, तुम्ही मागे म्हणालात, "यंत्र म्हणजे नुसता गोंगाट मोठा होतो." दुकानातून आणलेलं स्वस्तातलं असेल तर होईलही. पण कान तपासून, त्या मापाने बसवलेलं यंत्र म्हणजे तुमच्या एकट्यासाठी केलेलं मिक्सिंग आहे.

तोवर आई, एवढं कर. मिक्सर, टीव्ही, पंखा बंद करून त्यांच्या समोर ये आणि सावकाश बोल. आवाज वाढवू नकोस. गोंगाट कमी केला की शब्दाला जागा मिळते, हे मला स्टुडिओत रोज दिसतं.

आता पुन्हा भजनाकडे. पखवाज सुधारला, पण बुवांचे शब्द टाळांखाली बुडत होते. टाळाची झळाळी नेमकी तिथेच असते जिथे अक्षरांची धार असते. बुवांना वर करावं तर त्यांच्या माईकमध्ये शिरलेले टाळही वर येत. तीन आठवडे त्यात गेले. पेटीतून २५०० हर्ट्झच्या आसपासचं थोडं काढलं. टाळ दोन्ही बाजूंना सरकवले. बुवा ओळीचा शेवट श्वासात सोडतात, तिथे प्रत्येक शब्दाला बोटाने फेडर उचलला. रिव्हर्ब, म्हणजे देवळासारखा घुमारा, किंचित उशिरा येईल असा लावला, म्हणजे आधी अक्षर आणि मग देऊळ.

काकांना ऐकवलं. ते म्हणाले, "पोरी, मिक्सिंग चटईपासून सुरू होतं. टाळकरी बुवांच्या तोंडाशी कशाला बसवलेस?" सरांनाही हे पटलं, आणि हे क्वचित घडतं. त्यांनी १९०२ सालची हकिकत सांगितली, कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हाची. तेव्हा माईक नव्हताच, कर्णा होता. त्या काळी फेडरचं काम अंतर करायचं. ज्याचा आवाज मोठा तो कर्ण्यापासून लांब, ज्याचे शब्द कळायला हवेत तो जवळ. आपल्या गावचे जुने भजनी अंगणात बसायचे तेही असेच, वीणेकरी मध्ये, टाळ मागे. मीच रेकॉर्डिंगसाठी त्यांना दाटीवाटीने एका सतरंजीवर आणलं होतं.

म्हणून बाबा, मंडळाला सांगा, पुढच्या सप्त्यात टाळकरी तीन हात लांब आणि बुवांच्या माईकच्या पाठीकडे. माईक पाठीकडून कमी ऐकतो.

पैशाची काळजी करू नका. काकांबरोबर आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम असतात आणि एका क्लासची व्याख्यानं मी साफ करून देते. भाडं वेळेवर जातं. गणपती जवळ आले म्हणून रोज संध्याकाळी मैदानावर ढोलांचा सराव असतो. तिथे रेकॉर्डिंगला जाते तेव्हा कानात प्लग घालते, आणि पोरांनाही वाटते. एक-दोघं घालतात.

येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने दोघंही या. सीबीएस बसस्टँडवर मी असेन. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बंद खोलीत हेडफोन लावून बारीकसारीक सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच. यंत्र बसवलं तर सुरुवातीला भांड्यांचा आणि वर्तमानपत्राच्या पानाचाही आवाज टोचेल. काही आठवडे धीर धरायचा, काढून कपाटात ठेवायचं नाही.

सोबत पेनड्राइव्ह पाठवते आहे. टीव्हीला मागे लावता येतो, शेजारच्या मुलाला सांगा. बाबा, दार लावून एकटे ऐका. जिथे शब्द सुटेल तिथली वेळ टीव्हीवर दिसते, ती आईच्या हिशोबाच्या वहीत लिहून ठेवा आणि वही बरोबर आणा. आई, तुझे टाळ डावीकडे आहेत, दुसऱ्या अभंगात नीट ऐकू येतील.

तुमची,
धाकटी