बोया पाण्यात गेला, पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा नवीन बोया, म्हणजे समुद्राची मोजमापं घेणारं तरंगतं यंत्र, समुद्रात सोडल्याची बातमी वाचली, फोटोपण मस्त होता, पिवळाधमक बोया, क्रेन आणि बाजूला हेल्मेट घातलेले पाहुणे. शेवटी लिहिलं होतं की आता समुद्राची माहिती एका क्लिकवर मिळणार, ते वाचून मात्र हसू आलं. असल्याच एका किनारी निरीक्षण नेटवर्कच्या डेटाचं काम मी बरीच वर्षं करतोय. बोया आणि ती क्लिक यांच्या मधे जे काय असतं त्यावर बातमीत एक अक्षर नाही, आणि बजेटमधेही साधारण तेवढंच असतं.

क्षारतेचा सेन्सर घ्या. तो खरं तर क्षारता मोजतच नाही, पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि तापमान आणि दाब धरून क्षारता काढावी लागते. पाण्यात राहून राहून त्याच्यावर शेवाळ धरतं, बार्नॅकल (कवचवाले छोटे समुद्री जीव) चिकटतात आणि आकडा घसरायला लागतो. एकदम उडी मारली तर कंप्यूटर पकडतो हो, पण रोज केसभर सरकला तर त्याला सगळं ठीकच वाटतं, मग कोणीतरी बसून शेजारच्या बोयाशी ताडून बघायचं, बोटीवरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याशी जुळवायचं, आणि कुठल्या तारखेपासून विश्वास ठेवायचा नाही ते ठरवायचं. हे काम क्रेनने होत नाही.

अमेरिकेत आयओओएस नावाचं समुद्र निरीक्षणाचं नेटवर्क आहे, त्यात 11 प्रादेशिक संघटना. त्यांच्या क्वारटॉड (QARTOD) नावाच्या डेटा तपासायच्या नियमांत प्रत्येक आकड्याला शेरा असतो, 1 म्हणजे पास, 3 संशयास्पद, 4 नापास, 9 म्हणजे आकडाच आला नाही. मूळ आकडा खोडायचा नाही, नुसता शेरा मारायचा. आम्हीपण हेच वापरतो, चांगलीच पद्धत आहे, पण एका वादळात हवेचा दाब इतका धडाधड पडला की प्रोग्रामला ते खोटं वाटलं आणि त्याने ओळीने 3 मारले, आणि वेबसाइट दाखवायची फक्त 1 वाले. म्हणजे ज्या रात्री लोक बघत होते नेमक्या त्याच रात्री ग्राफ कोरा! बोया बुडाला का म्हणून फोनवर फोन. बोया ठणठणीत होता, आकडेही बरोबर होते, शेऱ्याची मर्यादा कोणीतरी शांत हवामान बघून ठरवली होती.

समुद्राचे प्रवाह मोजणाऱ्या रडारची तऱ्हा वेगळीच. किनाऱ्यावरचं एक रडार फक्त पाणी आपल्याकडे येतंय की लांब जातंय एवढंच सांगतं, प्रवाहाची खरी दिशा काढायला किमान दोन रडारांनी तोच पाण्याचा तुकडा बघावा लागतो. एकाचं नेट गेलं आणि फाइल तीन तासांनी आली की त्या तीन तासांचे नकाशे परत बनवायचे, आणि ज्यांनी जुने उतरवून घेतलेत त्यांना कळणार कसं की ते बदललेत? याचं उत्तर आमच्याकडे अजून नीट नाही. घड्याळाचं तर बोलूच नका. एकदा भरती काही तास उशिरा येताना दिसत होती, दोन दिवस डोकं खाजवलं, शेवटी कळलं की एका कंप्यूटरवर यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेऐवजी स्थानिक वेळ लावून ठेवलेली.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी बातमीदाराने पाहुण्यांना एक विचारावं, याचा डेटा सांभाळायला माणसं किती आणि कायम का कंत्राटावर. वादळानंतर आमच्याकडचा तो दाबाचा नियम ज्याने दुरुस्त केला तो मुलगा कंत्राट संपलं म्हणून गेला, त्याची स्क्रिप्ट अजून चालतेय पण कोणी हात लावत नाही. आत एका ओळीशेजारी त्याने टाइप करून ठेवलंय, "हे असं का केलंय ते नंतर लिहितो".

आपला,
एक वाचक